समोर बसलेला माणूस

१८६३ च्या डिसेंबरात लेक-जावयानं ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांना एक कॅमेरा भेट दिला. बाई तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या. जन्म कोलकात्याचा, मुक्काम इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावर, मुलं मोठी झालेली, नवरा सिलोनमधले कॉफीचे मळे बघायला गेलेला. एकटीला विरंगुळा व्हावा, एवढाच त्या भेटीमागचा हेतू. कॅमेरनबाईंनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, कोंबड्यांचं काचेचं खुराडं रिकामं करून त्याचा स्टुडिओ केला, आणि महिन्याभरात, जानेवारी १८६४ मध्ये, एका लहान मुलीचा फोटो काढून ‘हे माझं पहिलं यश’ अशी त्याची नोंद केली.

मला त्यांची पुढची पायरी जास्त महत्त्वाची वाटते. दोनेक वर्षांतच त्यांनी मोठा कॅमेरा घेतला. त्यात १५ बाय १२ इंचांची काच बसायची. मोठं यंत्र घेतलं की काम सोपं होतं असा आपला समज असतो. इथं ते अवघड झालं. ओल्या कोलोडियनची पद्धत म्हणजे काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, उघडायची आणि लगेच धुवायची. काच जेवढी मोठी तेवढी ती सांभाळणं कठीण. शिवाय मोठ्या काचेवर चेहरा जवळून घ्यायचा तर स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद होतो. डोळा नीट आला तर कान पुसट होतो. बसणाऱ्याला काही मिनिटं तसंच बसावं लागायचं आणि माणूस म्हटला की तो हलणारच. त्या काळच्या जाणकारांनी बाईंना फोकस जमत नाही, काचेवर बोटांचे डाग राहतात, असा शेरा मारला. बाईंनी तो पुसटपणा तसाच ठेवला. १८६७ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा काढलेला फोटो पाहावा. अंधारातून पुढं आलेलं डोकं, विस्कटलेले पांढरे केस, आणि आपल्याकडे न बघता आपल्या पलीकडे बघणारे ओलसर डोळे. छोट्या कॅमेऱ्यावर, कडक फोकसमध्ये हा माणूस असा दिसला नसता.

पोर्ट्रेटवरच्या मराठी पुस्तकाची सुरुवात एका इंग्रज बाईंपासून करण्याचं कारण एवढंच, की पुढच्या सगळ्या पानांत जे म्हणायचं आहे ते त्यांच्या या दोन वर्षांत आलेलं आहे. नवं साधन हाती आलं की जुनी अडचण जाते आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसते. फोटोग्राफरची वाढ मोजायचीच झाली, तर आज तो कोणत्या अडचणीपाशी अडला आहे यावरून मोजावी. आधी फोकसपाशी अडतो, मग प्रकाशापाशी, मग त्वचेच्या रंगापाशी. ही सगळी सुटली की समोर बसलेल्या माणसापाशी अडतो, आणि तिथून पुढं कुठलंही दुकान मदतीला येत नाही.

हे पुस्तक अगदी नवशिक्यांसाठी नाही. शटर, अॅपर्चर, आयएसओ यांची ओळख झालेली आहे, लग्नाचे दोन-तीन सीझन मारून झाले आहेत, मंडपातल्या पिवळ्या दिव्यांशी आणि व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनशी झटापट झाली आहे, अल्बम वेळेवर देण्याची कसरत अंगवळणी पडली आहे, आणि तरीही आपण काढलेल्या हजारो चेहऱ्यांत एकही माणूस नीट भेटलेला नाही अशी चुटपुट ज्यांना लागलेली आहे, त्यांच्यासाठी ते आहे. ‘पुढचा कॅमेरा कोणता घेऊ?’ हा प्रश्न ते विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, की मागच्या शूटला नेमकं काय अडलं? बहुतेकांना ते सांगता येत नाही. ज्याला सांगता येतं त्याला काय घ्यायचं हे आधीच कळलेलं असतं.

साधन आणि अडचण यांचा हा पाठशिवणीचा खेळ या कलेच्या जन्मापासूनचा आहे. १८३९ मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा माणसाचा फोटो काढणं जवळजवळ अशक्य होतं, कारण उन्हातसुद्धा कित्येक मिनिटं निश्चल बसावं लागे. डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावत. त्या काळच्या फोटोंतली माणसं एवढी गंभीर का, याचं निम्मं उत्तर त्या चिमट्यात आहे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातल्या जोसेफ पेट्झवाल या गणितज्ञानं आकडेमोड करून खास माणसांच्या फोटोंसाठी भिंग तयार केलं. फोग्टलेंडर कंपनीनं ते बनवलं. साधारण एफ ३.६ चं ते भिंग तेव्हाच्या भिंगांपेक्षा कितीतरी पट जास्त प्रकाश आत घेई. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. पण ते मधोमध धारदार आणि कडेला पुसट होतं, म्हणजे चेहरा मध्यभागीच बसवावा लागे. गंमत अशी की आज तोच दोष मुद्दाम ठेवून बनवलेली पेट्झवाल भिंगं विकली जातात, आणि मागची पानं गोल गरगरताना दिसावीत म्हणून लोक ती विकत घेतात.

मग पॅरिसमध्ये दिझ्देरीनं १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचं पेटंट घेतलं. फोटो स्वस्त झाला, व्हिजिटिंग कार्डाएवढा झाला, घरोघरी पोचला. आणि त्याबरोबर एक नवीच अडचण आली: सगळे सारखेच दिसू लागले. तोच खांब, तोच पडदा, तीच खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर तसाच ठेवलेला हात. स्वस्ताईनं आणलेला हा साचेबंदपणा अजून गेलेला नाही. फक्त खांबाच्या जागी प्री-वेडिंगमधला धुराचा गोळा आणि उडणारी ओढणी आली आहे.

आपल्याकडे हे सगळं फार लवकर आलं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये, आणि पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचे वर्ग सुरू झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या सोसायटीतले हौशी आणि कसलेले फोटोग्राफर. तांत्रिक अडचणी इंग्लंडात होत्या त्याच इथंही होत्या, त्यात उन्हाळ्यात रसायनं लवकर वाळायची. पण इथली खरी अडचण वेगळी होती. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास जनाना स्टुडिओ काढला, कारण पडद्यातल्या स्त्रिया परपुरुषासमोर बसणार नाहीत. तिथं फोटो काढणारी बाईच होती. दीनदयाळांकडे उत्तम कॅमेरे होते, निजामाचा आश्रय होता; तरी अर्धी माणसं त्यांच्या भिंगासमोर येऊच शकत नव्हती. ती अडचण त्यांनी भिंग बदलून सोडवली नाही, भिंगामागचा माणूस बदलून सोडवली. पोर्ट्रेटच्या इतिहासात माझ्या मते हा फार मोठा शोध आहे आणि त्याचा उल्लेख तंत्राच्या पुस्तकांत सापडत नाही.

दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफीचाच धंदा करत होते. बडोद्यात तो चालेना, कारण कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणसाचं आयुष्य कमी होतं असा समज गावात पसरला होता. आज आपण त्याला हसतो. पण कॅमेरा समोर आला की माणसाचं काहीतरी जातं हे पूर्ण खोटंही नाही. घरातल्या घरात मोकळेपणानं बोलणारी आत्या तुम्ही कॅमेरा उचलताच खांदे ताठ करते, हनुवटी वर घेते, ओठ मिटते. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना तर फोटो म्हणजे आयुष्यात दोन-चारदा घडणारा प्रसंग होता. त्या प्रसंगाला शोभेल असं गंभीर राहायचं हा त्यांचा शिष्टाचार. एका आजींना मी म्हटलं, ‘आजी, जरा हसा की.’ त्या म्हणाल्या, ‘हसून कसं चालेल? उद्या भिंतीला हाच लावायचा. हार घातलेल्या फोटोत कोण हसतं?’ आणि मग स्वतःच्या बोलण्यावर त्या खदखदून हसल्या. फोटो तेव्हा मिळाला. मात्र त्यांनी निवडला तो आधीचा, पदर डोक्यावर नीट घेतलेला, समोर रोखून बघणारा. तो त्यांचा होता, हसरा माझा होता. या दोन फोटोंमधला वाद या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल. दोन्हींपैकी खरा कोणता, हे ठरवण्याचा अधिकार फोटोग्राफरला एकट्याला आहे असं मला वाटत नाही.

शूट म्हणजे नेमकं काय, यावर नवे फोटोग्राफर फार कमी विचार करतात. त्यांच्या लेखी शूट शटर दाबल्यापासून सुरू होतं. खरं तर माणूस दारातून आत येतो तिथूनच ते सुरू झालेलं असतं. स्टँड उभा करायला, सॉफ्टबॉक्स उघडायला, केबल लावायला लागणारी दहा-पंधरा मिनिटं अनेकजण ‘सॉरी हं, एक मिनिट’ म्हणत माफी मागण्यात घालवतात. त्या वेळात समोरच्याचे हात काय करतात ते बघावं. कोणी अंगठी फिरवत बसतं, कोणी मांडीवर बोटांनी ठेका धरतं, शिक्षक असेल तर बोलताना तर्जनी उचलतो, शिंपी असेल तर समोरच्याच्या शर्टाच्या खांद्याकडे नजर जाते. ‘हात कुठं ठेवू?’ हा प्रत्येकाचा ठरलेला प्रश्न असतो. उत्तर त्यानं आधीच दिलेलं असतं. आपलं लक्ष केबलमध्ये असतं.

यूसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ ला ओटावात चर्चिल यांचा फोटो काढला, त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: कार्श पुढं गेले, चर्चिल यांच्या तोंडातली सिगार काढून घेतली, चर्चिल चिडले आणि तो रागीट चेहरा जगभर गेला. धाडस करावं, माणसाला डिवचावं, असा धडा मुलं त्यातून घेतात. मला तो धडा धोक्याचा वाटतो. त्या गोष्टीतला कमी सांगितला जाणारा भाग असा, की कार्श यांनी तिथल्या संसदेतल्या सभापतींच्या दालनात आदल्या संध्याकाळीच दिवे लावून ठेवले होते. नाटकाच्या रंगमंचावर दिव्यांचं काम बघत ते प्रकाशयोजना शिकले होते. त्यामुळे चर्चिल आत आले तेव्हा कार्श यांना दिव्यांकडे बघावं लागलं नाही, पूर्ण लक्ष माणसावर देता आलं. आणि रागीट फोटोनंतर त्यांनी हसऱ्या चर्चिलचाही एक फोटो घेतला. तो जगाला फारसा आठवत नाही.

मराठी माणसानं पोर्ट्रेटचा विचार करावा आणि गौतम राजाध्यक्षांचं नाव येऊ नये हे शक्य नाही. रसायनशास्त्राचा विद्यार्थी, लिंटास या जाहिरात संस्थेतली नोकरी, आणि मग सिनेमातल्या चेहऱ्यांचा छायाचित्रकार. ‘चंदेरी’ या सिनेमाविषयक नियतकालिकाचे ते संपादक होते, ‘फेसेस’ हे त्यांचं पुस्तक १९९७ मध्ये आलं, २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या मऊ प्रकाशाची नक्कल पुष्कळांनी केली, त्यांच्यासमोरच्या अडचणीचा विचार कमी जणांनी केला. नट-नट्यांचा चेहरा अख्ख्या देशानं आधीच पाहिलेला असतो. त्या माणसाकडे कॅमेऱ्यासाठी तयार केलेला एक चेहरा असतो आणि कॅमेरा दिसला की तो आपोआप चढतो. आत्याबाईंचा ताठरपणा आणि तारकेचं सफाईदार हसू यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. दोन्हीही दारं बंद करून घेण्याचेच प्रकार आहेत. तारकेचं दार फक्त जास्त गुळगुळीत असतं.

दुसऱ्या टोकाला पुण्याचे सतीश पाकणीकर. त्यांनी शास्त्रीय गायक-वादकांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. मैफलीत तुम्ही माणसाला काही सांगू शकत नाही. फ्लॅश मारायचा नाही, जागा बदलायची नाही, आणि गायकाचे डोळे मिटलेले, तोंड वेडंवाकडं झालेलं. संगीत कळत नसेल तर केव्हा दाबायचं हेच कळणार नाही: तान चालू असताना चेहरा ताणलेला असतो, समेवर आल्यावर क्षणभर सैल पडतो. त्या क्षणासाठी कान तयार लागतो. मैफलीचे फोटो काढणाऱ्यांसाठी मिररलेस कॅमेऱ्याचं निःशब्द शटर हे वरदान ठरलं, कारण आलापीच्या शांततेत पूर्वी आरशाचा खटका पहिल्या रांगेतल्या रसिकांच्या कपाळावर आठ्या आणायचा. पण इलेक्ट्रॉनिक शटर आणि मंचावरचे एलईडी दिवे यांचं पटत नाही. फोटोत आडवे काळे पट्टे येतात. शिवाय आवाज होत नाही म्हणून माणूस दाबतच सुटतो आणि घरी आल्यावर त्या ढिगातून निवड करताना रात्र जाते. एक अडचण गेली, दोन आल्या.

आता साधनांविषयी. पुस्तकात त्यावर दोन मोठी प्रकरणं आहेत, इथं काही गोष्टी ठामपणे सांगून ठेवतो. ८५ मिमीची लेन्स चेहरा सुंदर करते, असं दुकानात सांगतात. चेहऱ्याचं प्रमाण लेन्सनं बदलत नाही, अंतरानं बदलतं. हातभर अंतरावरून फोटो काढलात तर नाक मोठं आणि कान लहान दिसणारच, लेन्स कोणतीही असो. ८५ मिमी तुम्हाला दोनेक मीटर मागे जायला लावते म्हणून नाक जागेवर राहतं. ज्याच्याकडे ५० मिमी एफ १.८ आहे त्यानं तेवढंच मागे जावं आणि कडा कापाव्यात. चेहरा अगदी तसाच येईल. दहा बाय बाराच्या खोलीत ८५ मिमीचा उपयोग किती, हा प्रश्न आपल्या घरांच्या हिशेबानं विचारायला हवा. पाठ भिंतीला लागते आणि तरी खांदे मावत नाहीत.

मोठ्या अॅपर्चरचंही तसंच. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी, एफ १.८, माणूस दोन मीटरवर: स्पष्ट दिसणारी खोली साधारण सहा सेंटीमीटर भरते. १.२ मीटरवर गेलात तर जेमतेम दोन. माणूस बोलताना पुढं-मागं डुलतो तो यापेक्षा जास्त. म्हणून पहिल्यांदा अशी लेन्स घेतलेल्यांच्या फोटोंत पापण्या धारदार आणि बुबुळ पुसट असतं. एफ ५.६ वर तीच खोली अठरा-एकोणीस सेंटीमीटर होते. नाकापासून कानापर्यंत चेहरा मिळतो. मागचं धूसर करण्यासाठी एवढा खर्च करण्याआधी माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढं आणून बघावं. आता डोळा शोधणारा ऑटोफोकस आलेला आहे आणि तो खरंच चांगला आहे; सहा सेंटीमीटरची चिंता त्यानं बरीच मिटवली. पण मग व्ह्यूफाइंडरला डोळा चिकटवून बसायचं कारणच काय उरलं? कॅमेरा स्टँडवर ठेवा, रिमोट हातात घ्या आणि समोरच्याशी तोंड दाखवून बोला. छायाचित्रकार रिचर्ड अॅव्हेडन ऑटोफोकस येण्याच्या कितीतरी आधी हेच करत. मोठ्या कॅमेऱ्याच्या मागे न लपता शेजारी उभे राहत. हे सुचवलं की शिकणारे गोंधळतात. कॅमेरा तोंडासमोर असला की आपल्यालाही आडोसा असतो, हे तेव्हा लक्षात येतं.

प्रकाशाच्या बाबतीत एकच नियम घोकून ठेवावा असा आहे. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि मागची भिंत दिव्यापासून तीन मीटरवर असेल, तर पांढरी भिंतसुद्धा करडी, जवळजवळ काळसर येते. तोच दिवा मागे नेऊन चेहऱ्यापासून तीन आणि भिंतीपासून पाच मीटरवर ठेवला, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त प्रकाश मिळतो आणि ती पुन्हा पांढरी वाटू लागते. म्हणजे काळा पडदा विकत घेण्याआधी दिवा पुढं-मागं करून बघायला हरकत नाही. आणि दिव्याआधी खिडकी. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांची ओसरी, पडवी, वाड्याच्या चौकाकडे उघडणारं दार, ही सगळी तयार स्टुडिओची जागा आहे. वर छप्पर, समोरून उजेड, मागे अंधार. जून ते सप्टेंबर ढग स्वतःच आभाळभर सॉफ्टबॉक्स पसरून ठेवतात, आणि नेमके तेच महिने बरेचजण ‘सीझन नाही’ म्हणून कॅमेरा कपाटात ठेवतात. मला याचं नेहमी नवल वाटतं. एक थर्माकोलची शीट पांढरा उजेड परतवायला, त्याच मापाचा एक काळा कपडा उजेड खायला, एवढ्यावर वर्षभर काम होऊ शकतं.

त्वचेच्या रंगाचं प्रकरण लिहिताना मात्र मला राग आवरावा लागला. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतं. सावळा चेहरा चौकटभर असेल तर ते त्याला उजळ करतं, गोरा असेल तर काळवंडवतं. हे यंत्राचं अज्ञान झालं, ते हातानं सुधारता येतं. माणसांचं तसं नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी गोऱ्या बाईचा फोटो असलेली कार्डं पाठवायची. त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. सगळ्या जगाच्या त्वचेचं माप एका शर्लीवर. फिल्म गेली, शर्ली गेली, पण ‘जरा गोरं करून द्या ना’ ही मागणी स्टुडिओच्या काउंटरवरून हलली नाही. आता तर फोनमधलं सॉफ्टवेअर न विचारताच ती पुरवतं. स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या मुलीचे वडील हे वाक्य मुलीसमोर म्हणतात तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. धंदा करणाऱ्यानं काय करावं? मी नाही म्हणतो आणि कधीकधी गिऱ्हाईक जातं. सगळ्यांना ते परवडेल असं नाही, हेही मला ठाऊक आहे. मात्र सावळ्या त्वचेवर बाजूनं येणारा मऊ प्रकाश जी चकाकी आणतो, ती एकदा मोठ्या प्रिंटवर दाखवावी. प्रिंट बघितल्यावर मागणी मागे घेणारे वडीलही मी पाहिलेले आहेत.

स्वतःला घालून घ्यायच्या आव्हानांविषयी थोडं. रोज एक फोटो, शंभर अनोळखी माणसं वगैरे प्रकारांनी सवय लागते, बुजरेपणा जातो, याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. मला त्याच माणसाकडे परत जाण्याचं आव्हान अधिक मोलाचं वाटतं. अमेरिकेत निकोलस निक्सन यांनी १९७५ मध्ये आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांचा एकत्र फोटो काढला, आणि पुढं दरवर्षी त्याच क्रमानं उभं करून, मोठ्या फिल्म कॅमेऱ्यावर, तो चाळीसहून अधिक वर्षं काढत राहिले. साधन तेच, माणसं तीच. बदलतं ते वय, आणि एकमेकींच्या खांद्यावरचे हात. दिल्लीत छायाचित्रकार दयानिता सिंग मोना अहमद या तृतीयपंथी व्यक्तीला १९८९ मध्ये पहिल्यांदा भेटल्या; ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक २००१ मध्ये आलं, आणि त्यात मोनाचे स्वतःचे शब्द आहेत. फोटो काढून घेणाऱ्यानं पुस्तकात बोलावं, ही गोष्ट आपल्या छायाचित्रकारांनी अजून मनावर घेतलेली नाही.

कारण आपल्याला अजून ‘प्रकार’ आवडतात. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारनं ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावानं आठ खंड काढले. त्यात जाती-जमातींचे नमुने म्हणून माणसं उभी केलेली आहेत; समोर बसलेला कोण, यापेक्षा तो कशाचा नमुना हे महत्त्वाचं. मग आपल्या गावोगावच्या प्रदर्शनांत बघावं: फेटेवाला म्हातारा, सुरकुत्यांत हरवलेली बाई, चिलमीचा धूर, वारीतला कपाळावर बुक्का लावलेला चेहरा. खाली लिहिलेलं असतं ‘अनुभव’ किंवा ‘श्रद्धा’. नाव नाही, गाव नाही. अॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात पश्चिम अमेरिकेत फिरून खाणकामगार, कत्तलखान्यातली माणसं, वेटर, भटके अशा सातशेहून अधिक जणांना पांढऱ्या कागदापुढं उभं केलं. त्यावर निर्दय असल्याची टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे असं मलाही वाटतं. तरी त्यांनी प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव, काम, ठिकाण आणि तारीख दिली. आपल्या वारकऱ्याला तेवढंही मिळत नाही. पंढरपूरच्या वाटेवर फोटो काढून झाला की ‘माउली, नाव काय, गाव कोणतं?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि घरी परतल्यावर एक प्रिंट पोस्टानं पाठवायला पत्ताही मिळतो.

पुस्तकातल्या फोटोंखाली मी अॅपर्चर आणि शटरचे आकडे दिलेले नाहीत. प्रकाशकांचा त्याला विरोध होता, वाचक तेच शोधतात असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी प्रत्येक फोटोखाली तीन गोष्टी आहेत: बसणारा कोण, तो येण्याआधी काय ठरवलं होतं, आणि त्यातलं काय बदलावं लागलं. दिवा कुठं होता त्याचे हातानं काढलेले आराखडे शेवटी एकत्र दिले आहेत, आणि खरेदीचं प्रकरण मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं आहे. ते आधी वाचलंत तरी चालेल; फक्त वाचताना हाताशी वही असू द्या आणि आपल्या मागच्या चार-पाच शूटना काय काय अडलं होतं ते तिच्यात लिहून काढा. तालमीत पैलवानांचे फोटो काढताना लाल मातीचा रंग अंगावर परतून सगळे चेहरे तांबडे आले असतील, तर नवी लेन्स काही करणार नाही. ते उत्तर चौथ्या प्रकरणात, एका पांढऱ्या चादरीच्या मदतीनं दिलेलं आहे.